पार्लरच्या कोर्सला पैसे भरण्याआधी



तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते, आणि त्या सुमाराला गटाच्या बैठकीत एक मागणी हमखास येते. कुणाच्या मुलीला, कुणाच्या सुनेला, तर कुणाला स्वतःलाच मेकअपचा कोर्स करायचा असतो आणि त्यासाठी कर्ज हवं असतं. शेळीसाठी कर्ज मागितलं तर आपण शेळी बघून येतो, तिचे दात बघतो. शिलाई मशीनसाठी मागितलं तर दुकानदाराचं कोटेशन मागतो. कोर्ससाठी मागितलं की मात्र मोबाईलवरची जाहिरात या हातातून त्या हातात फिरते, सगळ्या ‘किती छान’ म्हणतात आणि ठराव होतो. आज मी त्या ठरावाआधी काय बघायचं ते सांगणार आहे.

आधी एक गोंधळ दूर करू. पार्लरचा कोर्स आणि नवरीच्या मेकअपचा कोर्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पार्लरच्या कोर्समध्ये थ्रेडिंग म्हणजे भुवया कोरणं, वॅक्सिंग, क्लीनअप, फेशियल, केस कापणं, केसांना रंग लावणं हे येतं. नवरीच्या कोर्समध्ये मेकअप, केशरचना, साडी नेसवणं, दागिने बसवणं येतं. पहिल्यातून रोज थोडे पैसे येतात. दुसऱ्यातून एकदम जास्त येतात, पण हंगामातच. जाहिरात बहुतेक वेळा दुसऱ्याची असते, कारण फोटो त्याचे सुंदर निघतात.

आता हिशेब मांडू. समजा फी ४० हजार आणि सामानाची पेटी १५ हजार, म्हणजे कर्ज ५५ हजार. व्याज महिना शेकडा २ रुपये धरलं तर पहिल्या महिन्याला नुसतं व्याजच ११०० रुपये. सामानाचा आणि येण्याजाण्याचा खर्च वजा जाता एका नवरीमागे २ हजार सुटले असं धरा. मुद्दल फेडायलाच २८ नवऱ्या लागतील. आपल्या गावात आणि आसपासच्या वाड्यांत वर्षाला लग्नं किती होतात आणि त्यातल्या किती नवऱ्या आपल्याकडे येतील, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल. शिवाय चातुर्मासात लग्नं थांबतात, व्याज थांबत नाही. म्हणून माझं मत असं, की ज्या बाईला काहीच येत नाही तिनं आधी थ्रेडिंग आणि क्लीनअप पक्कं शिकावं. हात बसला, गिऱ्हाईक जमलं, की त्याच कमाईतून नवरीचा मेकअप शिकावा. उलट्या क्रमानं जाणाऱ्या बाईला कर्जाचा हप्ता आधी गाठतो आणि गिऱ्हाईक नंतर.

कोर्स चांगला की वाईट हे ओळखायचं कसं? मी तरी एकच प्रश्न सगळ्यात आधी विचारते: माझा स्वतःचा हात किती जणींच्या चेहऱ्यावर आणि डोक्यावर फिरणार? हे काम बघून येत नाही. भाकरी थापायला शिकताना आपण आईकडे नुसतं बघत बसलो नव्हतो, तसंच हे आहे. भुवई कोरणारी मुलगी आधी स्वतःच्या पायावरच्या केसांवर दोरा चालवून शिकते, मग मैत्रिणीच्या भुवयांवर. दोरा नीट ताणला नाही तर कातडी सोलते. जिनं पुष्कळ भुवया केल्या, तिलाच दोन्ही बाजू सारख्या जमतात.

शहरात ‘लुक अँड लर्न’ नावाचा प्रकार असतो. मोठ्या हॉलमध्ये खुर्च्या मांडतात, एक नावाजलेली ताई स्टेजवर एका मॉडेलचा मेकअप करते, बाकीच्या बघतात, शेवटी फोटो आणि प्रमाणपत्र. जिला आधीच काम येतं तिला यातून नवी युक्ती मिळते. नवशिकीनं त्याला पैसे घालू नयेत.

म्हणून पैसे भरण्याआधी एक दिवस त्या वर्गात जाऊन बसा. मुली किती आणि शिकवणाऱ्या किती ते मोजा. सराव एकमेकींवर चालतो, की बाहेरून बायका बोलावतात, की फक्त डमीवर? डमी म्हणजे केस लावलेलं प्लास्टिकचं डोकं. त्याचे केस नकली असले तर गरम मशीननं ते वितळतात, म्हणजे कुरळे करण्याचा सराव त्यावर होतच नाही. एकही दिवस बसू देत नसतील तर तिथून उठून या.

बसल्यावर आणखी एक बघा. तिथे शिकवतात ते आपल्या गावच्या नवरीला चालेल का? आपली मुलगी आदल्या दिवशी हळदीनं पिवळी झालेली असते. ती हळद नीट काढली नाही आणि फाउंडेशनची छटा निवडताना तो पिवळेपणा धरला नाही तर रंग चुकतो. सावळ्या मुलीला गोरं करण्याच्या नादात फिकं फाउंडेशन थापलं की चेहरा राखेसारखा दिसतो आणि मान वेगळीच दिसते. गव्हाळ, सावळी, काळी अशा प्रत्येक रंगावर काम करून दाखवणारी शिक्षिका मला हवी. ‘गोरं कसं करायचं’ एवढंच शिकवणारी नको. लग्न मे महिन्यात, पत्र्याच्या मांडवात, मुहूर्त दुपारचा, वीज गेलेली. त्या घामात टिकेल असा मेकअप शिकवतात का? केसांना तेल असेल तर पिना टिकत नाहीत, म्हणून केस आधी कधी धुवायचे ते नवरीला सांगायला शिकवतात का? अंबाडा, खोपा, त्यावर गजऱ्याचं वजन, कपाळावर मुंडावळ्या, डोक्यावर पदर, नथ, चंद्रकोर आणि नऊवारी हे सगळं अभ्यासक्रमात आहे का? नसेल आणि नुसतेच परदेशी अंबाडे असतील, तर फी कमी करून मागायला हरकत नाही!

स्वच्छतेवर आणि धोक्यांवर एक धडाही नसेल तर तो कोर्स अपुरा आहे असं मी स्पष्ट म्हणेन. मस्कऱ्याची एकच कांडी सगळ्यांच्या डोळ्यांना लावली की डोळे येण्याची साथ आपणच पसरवतो. लिपस्टिक थेट ओठांना न लावता थोडी खरवडून ब्रशनं लावायची असते. केस काळे करायच्या बऱ्याच डायमध्ये आणि काळी मेहंदी म्हणून विकतात त्या पुडीतही पीपीडी नावाचं रसायन असतं. काही जणींना त्यानं खाज सुटते, चेहरा सुजतो. म्हणून ४८ तास आधी कानामागे थोडा डाय लावून बघायचा असतो. डब्यावर कंपनीचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापराची मुदत वाचायला शिकवतात का तेही विचारा. कोर्सबरोबर ‘मोफत’ मिळणाऱ्या पेटीतले डबे तिथेच उघडून मुदत बघा.

प्रमाणपत्राचं काय? गावात गिऱ्हाईक ते बघत नाही, शेजारणीच्या भुवया बघतं. पण कुठे नोकरी करायची असेल तर ते लागतं. ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द ऐकून मात्र भुलू नका. सिडेस्को ही १९४६ साली स्थापन झालेली, स्वित्झर्लंडमधली खरी संस्था आहे, तिची पदविका परदेशात चालते. तिचं नाव कुणी घेतलं तर त्यांची शाळा सिडेस्कोच्या यादीत आहे का ते शोधा. आणि तुम्हाला परदेशी जायचं नसेल तर त्याचे पैसे कशाला भरायचे?

कुणी सिनेमात काम लावून देतो म्हणालं, तर एक जुनी गोष्ट लक्षात ठेवा. मुंबईच्या सिनेसृष्टीत कित्येक वर्षं मेकअप फक्त पुरुषांनी करायचा आणि बायकांनी केसच करायचे, असा कामगार संघटनेचाच नियम होता. १० नोव्हेंबर २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं तो मोडीत काढला. दार उघडलं हे खरं, पण महिन्याभराच्या कोर्सनं कुणी आत नेऊन बसवत नाही.

आता कमी पैशांत शिकण्याची ठिकाणं. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, जिला सगळे आरसेटी म्हणतात, ती बँका चालवतात. १९८२ साली कर्नाटकात उजिरे इथे अशी पहिली संस्था निघाली, त्या धर्तीवर पुढे देशभर जिल्ह्याजिल्ह्यांत निघाल्या. तिथे पार्लरचा साधारण महिनाभराचा वर्ग होतो. शिकणं, राहणं, जेवण फुकट, आणि नंतर बँकेच्या कर्जासाठी पाठपुरावाही करतात. अडचण एवढीच की घर सोडून महिनाभर राहायचं. लहान मूल असलेल्या बाईला ते सोपं नाही. अशा वेळी गटानं तिच्या घरच्यांशी बोलावं. एकट्या सुनेपेक्षा दहा बायकांचं बोलणं घरात ऐकलं जातं. शाळा फारशी न शिकलेल्या बाईसाठी जन शिक्षण संस्थान आहे, तिथे फी नाममात्र असते. दहावी झालेल्या मुलीला आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड आहे. सगळ्याच आयटीआयत तो नसतो, म्हणून दहावीच्या निकालाआधीच चौकशी करा.

तरीही खासगी वर्गच निवडला तर पैसे एकदम भरू नका, हप्त्यानं भरा आणि प्रत्येक हप्त्याची छापील पावती घ्या. किती दिवस, रोज किती तास, पेटीत कोणतं सामान, जीएसटी धरून एकूण फी किती, मध्येच सोडावं लागलं तर किती परत, हे कागदावर लिहून त्यांची सही घ्या. त्याच वर्गातून वर्षभरापूर्वी शिकून गेलेल्या दोन मुलींचे नंबर मागा. फोन करून ‘कसं होतं’ असं विचारू नका. ‘या महिन्यात किती गिऱ्हाईकं केलीस’ असं विचारा.

आरसेटीचं नाव आणि पत्ता आपल्या बँकेच्या शाखेत मिळेल, नाहीतर उमेदच्या सीआरपी ताईंना किंवा माविमच्या सहयोगिनी ताईंना विचारा. जाताना आधारकार्ड, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, शाळेचा दाखला आणि फोटो जवळ ठेवा, आणि पुढची तुकडी कधी सुरू होते तेही विचारून घ्या.