धाप, दमा आणि चुलीचा धूर

परभणी जिल्ह्यातील पोखर्णी हे गाव तेथील नृसिंहाच्या देवस्थानामुळे परिचित आहे. गोदावरीच्या खोऱ्यातील हा काळ्या जमिनीचा प्रदेश. कापूस, तूर व ज्वारी ही येथील जुनी पिके. पीक निघाल्यावर उरणाऱ्या पऱ्हाट्या व तुराट्या आणि घरच्या गोवऱ्या हे या भागातील चुलीचे परंपरागत सरपण होय. ते विकत घ्यावे लागत नाही. परंतु ज्या स्त्रीने वीस-तीस वर्षे फुंकणी हाती धरून त्याचा धूर सोसला, तिच्या फुप्फुसांवर त्याचा काय परिणाम होतो, हा प्रश्न दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला.

याचे एक कारण आपल्या बोलण्यातच आहे. धाप लागणाऱ्या प्रत्येक माणसाला आपण 'दमा' आहे असे म्हणतो. वस्तुतः या एका शब्दाखाली दोन निरनिराळे विकार नांदतात. खऱ्या दम्यात श्वासनलिकांचे स्नायू आकुंचन पावतात व अंतस्त्वचेला सूज येते. हा अवरोध येतो आणि बहुधा जातो. रोग पुष्कळदा बालपणी सुरू होतो आणि दोन झटक्यांच्या मधल्या काळात रोगी जवळजवळ निरोगी असतो. दुसऱ्या विकारास चिरकारी अवरोधक फुप्फुसविकार, अथवा इंग्रजी आद्याक्षरांवरून सीओपीडी, म्हणतात. यात सूक्ष्म श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात, बेडका साचतो आणि वायुकोशांच्या भिंती नष्ट होऊन वातस्फीती उद्भवते. हवा आत जाते, पण पूर्णपणे बाहेर पडत नाही. चाळिशीनंतर प्रथम चढावर, मग सपाटीवर आणि शेवटी अंगावर कपडे चढवतानाही दम लागतो. वय झाले म्हणून असे होते, ही समजूत घातक आहे.

पाश्चात्य ग्रंथांत या विकाराचे मुख्य कारण म्हणून सिगारेटचा निर्देश असतो. आपल्याकडे विडीही तितकीच दोषी आहे. परंतु ज्यांनी आयुष्यात विडी ओढली नाही अशा स्त्रियांचे काय? दिल्लीच्या डॉ. एस. पद्मावती व त्यांचे सहकारी पाठक यांनी 1959 साली फुप्फुसविकारामुळे उद्भवणाऱ्या हृदयविकाराविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. रोग्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांच्या बरोबरीची होती आणि त्यांना हा रोग तरुण वयात जडला होता. त्यामागे घरातील धुराचा हात असावा, हे त्यांनी सुचविले. या निरीक्षणाकडे जगाचे लक्ष जावे तितके त्या वेळी गेले नाही, हे खेदाने नमूद करावे लागते. जुना क्षयरोग, धुळीचे व्यवसाय आणि बालपणी वारंवार झालेले फुप्फुसदाह हीही कारणे आहेत.

निदानाचे साधन जुने आहे. जॉन हचिन्सन यांनी 1846 साली लंडनमध्ये श्वसनमापक यंत्राचे वर्णन केले. वेळेशी सांगड घालून श्वास मोजण्याची पद्धत फ्रान्समध्ये तिफनो यांनी 1947 साली मांडली. रोग्याने छाती भरून श्वास घ्यावा आणि तो जोराने, पूर्ण रिता होईपर्यंत सोडावा. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेल्या हवेचे एकूण हवेशी प्रमाण, श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यानंतरही, 0.70 हून कमी राहिले तर कायमचा अवरोध आहे असे समजतात. (वृद्धांत हे प्रमाण स्वभावतःच घटते, म्हणून केवळ आकड्यावर विसंबू नये.) केवळ छातीच्या क्ष-किरण चित्रावरून हा रोग आरंभी ओळखता येत नाही. तथापि, दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास थुंकीची क्षयासाठी तपासणी आधी व्हावी, हे योग्यच आहे.

दोन विकारांतील भेद केवळ शाब्दिक नाही. दम्यात श्वासावाटे घ्यावयाचे स्टेरॉइड हा उपचाराचा पाया आहे. सीओपीडीत मुख्य भिस्त श्वासनलिका रुंदावणाऱ्या दीर्घ परिणामी औषधांवर असते व स्टेरॉइड निवडक रोग्यांनाच द्यावयाचे असते. 'पंपाची सवय लागते' म्हणून पुष्कळ लोक तो टाळतात आणि गोळ्या किंवा अनोळखी पुड्या पसंत करतात. पंपातील औषधाची मात्रा अल्प असून ती थेट श्वासनलिकांत पोचते. पोटातून वर्षानुवर्षे घेतलेले स्टेरॉइड मात्र हाडे ठिसूळ करते व रक्तातील साखर वाढविते. नियमित व्यायाम आणि इन्फ्लुएंझा व न्यूमोनियाच्या लसी यांचाही उपयोग होतो. रक्तातील प्राणवायू फार घटलेल्या रोग्यांनी तो दिवसातून पंधरा तास वा अधिक घेतल्यास आयुष्य वाढते, असे 1980 व 1981 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी व ब्रिटिश चाचण्यांतून दिसून आले.

नष्ट झालेले वायुकोश मात्र कोणत्याही औषधाने परत येत नाहीत. इंग्लंडमधील फ्लेचर व पेटो यांनी 1977 साली दाखवून दिले की, धूम्रपान सोडल्यास गमावलेली श्वसनशक्ती परत मिळत नसली तरी पुढील ऱ्हासाचा वेग जवळजवळ निरोगी माणसाइतका होतो. चुलीच्या बाबतीतही असेच घडते काय? दक्षिण चीनमधील खेड्यांत नऊ वर्षे चाललेल्या व 2014 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, इंधन बदललेल्या आणि स्वयंपाकघरातील धूर बाहेर काढण्याची सोय केलेल्या कुटुंबांत श्वसनशक्तीचा ऱ्हास मंदावल्याचे आढळले. आपल्याकडे 2016 साली उज्ज्वला योजनेने घरोघरी गॅसची जोडणी नेली. परंतु सिलिंडर पुन्हा भरून आणावयास पैसे लागतात आणि पऱ्हाट्या तर बांधावर फुकट पडलेल्या असतात. म्हणून चहा गॅसवर आणि भाकरी चुलीवर, अशी विभागणी पुष्कळ घरांत होते. आणि भाकरी थापणारी स्त्री धुराच्या सर्वांत निकट, सर्वांत अधिक वेळ बसलेली असते.