पन्नीपासून सुईपर्यंत

भांडुपमध्ये ‘गर्दुल्ला’ म्हणजे कोण, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. रुळांच्या कडेला तसा माणूस दिसला की आपण खिसा चाचपतो आणि चालू लागतो. अशा माणसाच्या हातातली चंदेरी पन्नी जाऊन तिथे सुई का आली, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. आपल्याला वाटतं, व्यसन वाढत गेलं असेल. खरं कारण रसायनात, बाजारभावात आणि कायद्यात दडलेलं आहे.

अफू मुंबईला नवी नव्हती. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू याच बंदरातून चीनला जात असे. पुढे कोकणातून आणि घाटावरून आलेल्या बायका गिरणीत कामाला लागल्या. पाळीवर जाण्याआधी त्या तान्ह्या मुलाला बाळगोळी चाटवत. त्या गोळीत अफू असे. 1920 च्या दशकात डॉ. बार्न्स या सरकारी डॉक्टरीणबाईंनी कामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा जवळजवळ प्रत्येक बाळाला ती दिली जात असल्याचं आढळलं. त्या आयांना दोष देववत नाही. मूल सांभाळायला घरात कुणी नव्हतं आणि पाळणाघरं फारशी नव्हती.

गर्द, म्हणजे हेरॉइनची पूड, आली ती 1980 च्या सुमारास. 1979 साली इराणमध्ये क्रांती झाली, त्याच वर्षाअखेर सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, आणि तिकडच्या हेरॉइनने पाकिस्तानमार्गे भारताची वाट धरली. हेरॉइन म्हणजे अफूतल्या मॉर्फिनवर प्रक्रिया करून बनवलेला पदार्थ. 1898 साली बायर कंपनीने तो चक्क खोकल्याचं औषध म्हणून बाजारात आणला होता. मुंबईत आलेली ब्राउन शुगर हे त्याचं अशुद्ध, तपकिरी रूप. ते पाण्यात सहज विरघळत नाही, पण तापवलं की त्याचा धूर होतो. म्हणून इथल्या पोरांनी ते पन्नीवर ओढलं.

मणिपूरमध्ये नेमकं उलटं घडलं. तिथे ब्रह्मदेशातून येणारं हेरॉइन पांढरं, शुद्ध आणि पाण्यात विरघळणारं होतं. तिथल्या मुलांनी पहिल्यापासून सुई घेतली, एकाच सुईने अनेकांनी घेतली. 1989-90 मध्ये अवघ्या सहा महिन्यांच्या आसपास सुई घेणाऱ्यांपैकी निम्म्या जणांमध्ये एचआयव्ही पसरला. नशा एकच, पण पूड पाण्यात विरघळते की नाही, एवढ्या एका गुणधर्माने दोन प्रदेशांतल्या हजारो तरुणांचं नशीब वेगळं ठरवलं. मला ही गोष्ट थरकाप उडवणारी वाटते.

मुंबईत पन्नी होती, त्यामुळे तिला सुईपासून काही वर्षांची सवड मिळाली. या काळात वांद्र्याला फादर जो परेरा यांची कृपा फाउंडेशन उभी राहिली. अनिल अवचटांनी ‘गर्द’ लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली, आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी पुण्यात मुक्तांगण सुरू झालं. अंमली पदार्थांविरुद्धचा कडक कायदाही याच काळातला, 1985 चा.

मग सुई आली कशी? पन्नीवर ओढताना बराचसा माल धुरात उडून जातो. सुईतून गेलेला थेंब न् थेंब रक्तात उतरतो. शरीराला सवय जडली की मेंदू तेवढ्याच मात्रेला दाद देईनासा होतो. त्यात कायद्याच्या धाकाने पुडी महागली आणि तिच्यात भेसळ वाढली. वेळेवर मिळालं नाही की टर्की: हाडं फुटल्यासारखी दुखतात, नाक गळतं, जुलाब होतात, झोप उडते. अशा माणसाला कमी पैशांत टर्की थोपवायची असते. 1990 च्या दशकात त्याला औषधाच्या दुकानात एक स्वस्त इंजेक्शन सापडलं. ते होतं ब्युप्रेनॉर्फिन, अफूतल्याच थेबेन या द्रव्यापासून बनवलेलं वेदनाशामक.

नशेची एक वाट बंद केली की माणूस थांबतोच असं नाही. अमेरिकेत इंडियाना राज्यात ऑस्टिन नावाचं जेमतेम चार हजार वस्तीचं गाव आहे. तिथले लोक ओपाना नावाच्या वेदनाशामक गोळ्यांची पूड करून नाकाने ओढत. 2012 साली कंपनीने गोळी अशी बदलली की तिची पूड होईना. लोक सुईकडे वळले, आणि 2015 मध्ये त्या गावाच्या परिसरात एचआयव्हीचे 180 हून अधिक रुग्ण सापडले.

सुईचा खरा धोका ती वाटून घेण्यात आहे. हेपटायटिस सी चा विषाणू वापरलेल्या सिरिंजमध्ये कित्येक आठवडे तग धरू शकतो. 1995 साली मुंबईत संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्ट सुरू झाला तो नशेत अडकलेल्या याच माणसांसाठी. पुढे या संस्थेने हेपटायटिस सी वरच्या पेगासिस या महागड्या इंजेक्शनच्या पेटंटलाच आव्हान दिलं. समोर रॉश ही बलाढ्य स्विस कंपनी होती. नोव्हेंबर 2012 मध्ये अपिलीय मंडळाने ते पेटंट रद्द केलं. ज्यांना पाहून आपण वाट बदलतो, त्यांच्यासाठी लढणाऱ्या संस्थेने हे करून दाखवलं, याचा मुंबईकर म्हणून मला अभिमान आहे.

आणि आता सगळ्यात नवलाची गोष्ट. ज्या ब्युप्रेनॉर्फिनने अनेकांच्या हाती सुई दिली, त्याचीच गोळी आज सुई सोडवते. ही गोळी जिभेखाली विरघळते. मेंदूतल्या ज्या जागी हेरॉइन चिकटतं, तिथेच ती घट्ट बसते, पण तिथलं काम अर्धंमुर्धंच चालू करते. त्यामुळे टर्की येत नाही, वरून हेरॉइन घेतलं तर त्याला जागा मिळत नाही, आणि मात्रा वाढवली तरी श्वास मंदावण्याला एक मर्यादा राहते. असर दिवसभर टिकतो, म्हणून माणूस कामावर जाऊ शकतो. काही गोळ्यांत नॅलोक्झोनही घातलेलं असतं. जिभेखाली ते जवळजवळ निष्प्रभ असतं, पण गोळी विरघळवून टोचली तर सवय जडलेल्या माणसाला ताबडतोब टर्की आणतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 साली ब्युप्रेनॉर्फिनला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. आपल्याकडे राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमातून हे उपचार मोफत मिळतात.

‘एक नशा काढून दुसरी दिली’ असा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. तो चुकीचा आहे. मधुमेह्याला रोज इन्शुलिन लागतं म्हणून त्याला कुणी व्यसनी म्हणत नाही.

2019 साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे साडेआठ लाख लोक सुईने नशा करतात, आणि त्यांची संख्या जास्त असलेल्या राज्यांत महाराष्ट्र आहे. यातलं कुणी तुमच्या चाळीत, तुमच्या गावाकडच्या घरात असेल, तर त्याला कोंडू नका, मारू नका. 14446 हा व्यसनमुक्तीचा आणि 1097 हा एड्स नियंत्रणाचा सरकारी दूरध्वनी क्रमांक आहे. दोन्ही निःशुल्क आहेत.