रंगमंचापुढची जागा

पंक हे मोजक्या कॉर्ड्सवर उभे असलेले, वेगवान आणि मुद्दाम अनघड ठेवलेले रॉक संगीत असून, ज्याला वाद्य जेमतेम येते त्यानेही बेधडक मंचावर चढावे, ही त्याची मूळ भूमिका होय. मात्र १९८०च्या दशकात अमेरिकेतील ‘हार्डकोर’ पंकच्या कार्यक्रमांत मंचापुढची जागा, म्हणजे एकमेकांवर अंग झोकून नाचण्याचा ‘मॉश पिट’, धडधाकट तरुणांच्या ताब्यात गेली आणि मुलींच्या वाट्याला मागची भिंत व मित्रांचे कोट सांभाळण्याचे काम आले. स्त्रीवादी पंकने पहिला घाव घातला तो या जागावाटपावर.

२० ऑगस्ट १९९१ रोजी वॉशिंग्टन राज्यातील ऑलिंपिया या छोट्या शहरात, कॅपिटल थिएटरमध्ये एका संगीतमेळ्याची पहिली रात्र मुलींच्या बँडसाठी राखली गेली. तीत ब्रॅटमोबाइल वाजले आणि कोरिन टकरच्या ‘हेवन्स टू बेट्सी’ने प्रथमच लोकांसमोर पाऊल ठेवले. स्त्रीवादी पंकच्या ‘रायट गर्ल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चळवळीतील बिकिनी किल बँडची गायिका कॅथलीन हॅना कार्यक्रमात मुलींना पुढे बोलावी, पुरुषांना मागे सरकायला सांगे. शिवाय गोंगाटात शब्द हरवू नयेत म्हणून गाण्यांचे छापील कागद मुलींच्या हाती दिले जात. यावर शिवीगाळ आणि क्वचित मारहाणही ओढवली, यावरून ती चार फूट जागा किती मोलाची होती हे कळते.

अशा कार्यक्रमांचे अर्थकारणही समजून घ्यायला हवे. अमेरिकेत मद्यपानाची कायदेशीर वयोमर्यादा २१ वर्षे असल्याने बारमध्ये बहुधा किशोरवयीनांना मज्जाव असतो. म्हणून चर्चचे तळघर, सामुदायिक सभागृह किंवा एखाद्याचे घर गाठले जाई. तेथे दारूविक्रीचे उत्पन्न नसे आणि दारावर जमणाऱ्या माफक प्रवेशशुल्कातूनच भाडे व बँडच्या गाडीचे इंधन भागवावे लागे. बर्कलीतील ९२४ गिलमन स्ट्रीट हा स्वयंसेवकांनी चालवलेला क्लब १९८६च्या अखेरीस सुरू झाला, आणि वंशद्वेष, स्त्रीद्वेष व समलैंगिकद्वेषाला तेथे बंदी होती.

क्विअर, म्हणजे लैंगिक ओळख वा आकर्षण रूढ चौकटीबाहेरचे असलेल्या व्यक्तींच्या पंकला ‘क्विअरकोर’ म्हणतात. त्यातील टीम ड्रेश (स्थापना १९९३) या बँडच्या कार्यक्रमांत गाण्यांबरोबर स्वसंरक्षणाची प्रात्यक्षिकेही होत, कारण कार्यक्रम आटोपल्यावर प्रेक्षकांना घरी परतायचे असे ते अंधाऱ्या रस्त्यांनीच. गिटारवादक जोडी ब्लाइलने १९९५ मध्ये ‘फ्री टू फाइट’ या संकलनात गाणी आणि स्वसंरक्षणाचे धडे एकत्र गुंफले.

तरीही एक प्रश्न रायट गर्ल चळवळीला नीट हाताळता आला नाही. सभागृहातील मुली पुढे आल्या, पण त्या बहुतांशी गोऱ्या व मध्यमवर्गीय होत्या. ज्यांच्यापर्यंत कार्यक्रमाचे पत्रकच पोहोचले नव्हते, त्यांना पुढची जागा देऊन काय उपयोग? १९९७ मध्ये मिमी थी न्गुयेन हिने गौरेतर पंकांचे लेखन एकत्र करून एक झीन, म्हणजे स्वतः छायाप्रती काढून वाटलेली पुस्तिका, प्रसिद्ध केली, तेव्हा हा आक्षेप बाहेरच्यांचा नसून पंकच्या घरातलाच आहे, हे नाकारणे अवघड झाले.