‘एच-1बी’चे 1 लाख डॉलर नेमके कोणाला लागू?

नवी दिल्ली : अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी 19 सप्टेंबर 2025 रोजी घोषणापत्रावर स्वाक्षरी करताच ‘एच-1बी’ व्हिसाधारक भारतीयांमध्ये घबराट पसरली. सुट्टीवर मायदेशी आलेल्या अनेकांनी मिळेल त्या विमानाने परतीचा मार्ग धरला. दुसऱ्याच दिवशी आलेल्या खुलाशाने ती धावपळ बव्हंशी अनावश्यक ठरवली.

1 लाख डॉलरची (त्या वेळच्या दराने सुमारे 88 लाख रुपये) ही रक्कम 21 सप्टेंबर 2025 पासून दाखल होणाऱ्या नव्या अर्जांपुरती असून ती एकदाच भरावयाची आहे. विद्यमान व्हिसाधारकांना ती लागू नाही, मुदतवाढीलाही नाही. अमेरिकेत शिकणाऱ्या विद्यार्थ्याने तेथेच राहून ‘एच-1बी’ दर्जा मिळवल्यास तोही वगळला जातो. मात्र अर्जाचा निकाल लागण्यापूर्वी तो देशाबाहेर पडला, तर ही सवलत हुकते. खरा फटका बसतो तो पुणे, हैदराबाद वा बंगळूरहून थेट नियुक्त होणाऱ्या अभियंत्याला.

शुल्क पूर्वी नव्हते असे नाही. 25 हून अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीला नोंदणीचे 215, अर्जाचे 780, प्रशिक्षण निधीचे 1,500, फसवणूक प्रतिबंधाचे 500 आणि आश्रय कार्यक्रमाचे 600, असे किमान 3,595 डॉलर भरावे लागतच होते. यातील प्रशिक्षण निधीची रक्कम कर्मचाऱ्याकडून वसूल करण्यास अमेरिकी कायद्याने मनाई आहे. वकिलातीत भरावयाचे व्हिसा शुल्क 205 डॉलर आहे. 1 लाख डॉलर भरल्याचा पुरावा बाळगण्याची जबाबदारीही घोषणापत्राने कंपनीवरच टाकली आहे.