डिस्कची वाटणी
विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणून मळमड्डीतला जुना संगणक लगेच भंगारात नको. त्यावर लिनक्स चालते. धास्ती असते ती डिस्कच्या वाटणीची. वाटणी म्हणा की पालु, आधी लग्न-बारशाचे फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवा. फॉरमॅट केलेल्या भागातले सगळे गेलेच समजा. 'संपूर्ण डिस्क पुसा' म्हटलेत तर विंडोजही जाते. ईएफआय नावाचा छोटा भाग फॉरमॅट करू नका, विंडोज त्यातूनच सुरू होते. मूळ प्रणालीला चाळीसेक जीबी, उरलेली जागा 'होम'ला. आपल्या कानडीतले मनेच की हे! ते वेगळे ठेवले तर पुढे लिनक्स पुन्हा घालताना मूळ भागच तेवढा फॉरमॅट करायचा. होमपुढची फॉरमॅटची खूण काढायची, फोटो जागच्या जागी राहतात.