शिकारीला निघायचे, पण परराज्यात!

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शौकाच्या शिकारीचा ग्रंथ आटोपला. आता शिकार म्हटली की मचाण आणि कुणाच्या तरी आजोबांच्या वेळची भिंतीवरची शिंगे, एवढेच डोळ्यांपुढे येते. अमेरिकेत मात्र हा उद्योग आजही राजरोस चालतो, आणि तो काही संस्थानिकांचा राहिलेला नाही. सुतार, शाळामास्तर, ट्रकवाले यांचा आहे. मिसुरी किंवा मिनेसोटातल्या अशा एखाद्या गड्याच्या मनात असते की, आयुष्यात एकदा तरी रॉकी पर्वतात जाऊन एल्क मारावा. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ समजा. मोठा नर तीनशे किलोंच्या वर भरतो. शॉनी जमातीच्या भाषेतले त्याचे नाव ‘वापिती’, म्हणजे पांढऱ्या ढुंगणाचा!

पण बंदूक उचलली आणि निघालो, असे होत नाही. या साऱ्या खटाटोपात बंदुकीचा नंबर अगदी शेवटी.

पहिली अडचण परवान्याची. जमीन वॉशिंग्टन सरकारची असो की कुणाची, तिच्यावर चरणाऱ्या जनावरांची देखरेख त्या त्या राज्याकडे असते. म्हणून घरच्याला एक दर, पाहुण्याला दुसरा. १९७६ साली मोन्टानातला माणूस ९ डॉलरमध्ये एल्कचा परवाना घेई. बाहेरच्याला २२५ डॉलरचा जोडपरवानाच घ्यावा लागे. मिनेसोटाचे काही शिकारी या अन्यायाविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७८ साली निकाल लागला : एल्कची शिकार ही करमणूक आहे, मूलभूत हक्क नव्हे, राज्याने पाहुण्याकडून जास्त पैसे घेतले तर घटनेला धक्का लागत नाही. हा पंक्तिप्रपंच आजही चालू आहे.

बरे, पैसे मोजले म्हणजे परवाना मिळाला असेही नाही. चांगल्या रानांसाठी सोडत निघते. शिकार शरद ऋतूतली, पण अर्ज फेब्रुवारी ते एप्रिलमध्येच करावे लागतात. वायोमिंगमध्ये बाहेरच्याला गुण साठवता येतात. यंदा नंबर लागला नाही तर पुढल्या वर्षी गाठीला एक गुण जास्त. नामांकित रानासाठी लोक दहा-दहा वर्षे असे थांबतात. न्यू मेक्सिकोत गुणांची भानगड नाही. पण वाटाड्या न घेता येणाऱ्या परक्यांच्या वाट्याला सोडतीतले शंभरात सहाच परवाने. पहिल्या खेपेला नामांकित रानाच्या मागे लागूच नये, असे माझे मत आहे. मादीचा परवाना सहसा लवकर मिळतो, बहुधा स्वस्त पडतो, आणि मांस तितकेच चवदार!

खरी डोकेदुखी नकाशाची. १८६२ च्या कायद्याने अमेरिकन सरकारने रेल्वे कंपन्यांना लोहमार्गाच्या दुतर्फा एकाआड एक चौरस मैलाचे तुकडे बहाल केले. त्यामुळे दक्षिण वायोमिंगचा नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो : काळी घरे सरकारी, पांढरी खासगी. परवाना असेल त्याला काळ्या घरात शिकारीची मुभा. पण एका काळ्या घरातून दुसऱ्यात जायचे तर कोपऱ्यातून, उंटाच्या चालीनेच. कोपरा ओलांडताना खांदा क्षणभर खासगी जमिनीवरच्या हवेतून जातो, आणि मालक म्हणतो, हवासुद्धा माझीच!

२०२१ साली मिसुरीचे चार शिकारी एल्क माउंटन या डोंगराशी आले, ते येताना लोखंडी शिडी घेऊनच. कोपऱ्यावर ती तिवईसारखी उभी करायची, अलीकडून चढायचे, पलीकडे उतरायचे. खासगी मातीला पाऊल लागायचे नाही. तरी अतिक्रमणाचा खटला झालाच. २०२२ साली ज्यूरींनी चौघांना निर्दोष सोडले. मग मालकाचा दिवाणी दावा. त्यात जमिनीची किंमत सत्तर लाख डॉलरहून अधिक घटली, असे म्हणणे होते. एका शिडीमुळे! सरकारी जमिनीची वाट अडवू नये असा १८८५ चा जुना कायदा शिकाऱ्यांच्या कामी आला. २०२३ मध्ये ते जिंकले, मार्च २०२५ मध्ये अपिलातही जिंकले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. मात्र हा निकाल त्या अपील न्यायालयाच्या सहाच राज्यांना बांधतो. वायोमिंग, कोलोराडो त्यात आहेत, मोन्टाना नाही. तेव्हा तेथे जाणाऱ्याने शिडी घरीच ठेवलेली बरी. शिवाय वायोमिंगचा आणखी एक नियम आहे : केंद्राने ‘निबिड रान’ म्हणून राखलेल्या भागात परराज्यातल्या शिकाऱ्याने परवानाधारक वाटाड्या किंवा स्थानिक सोबती घेतल्याविना मोठी शिकार करायची नाही.

आता अंगमेहनतीचे पाहू. ही राने नऊ-दहा हजार फुटांवर, म्हणजे महाबळेश्वरच्या दुप्पट उंचीवर. सपाटीवरून आलेल्याने दोन दिवस आधी पोचून दम धरावा. डोके ठणकून उलट्या होऊ लागल्या तर मर्दुमकी न दाखवता खाली उतरावे. कोलोराडोत बंदुकीच्या हंगामात कमरेच्या वर ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी कापड अंगावर हवे, टोपीही त्याच रंगाची. एवढे करून तेथे पाचांपैकी सुमारे चौघे रिकाम्या हाताने परततात.

आणि एल्क पडलाच तर? हाडे काढूनही नव्वद-शंभर किलो मांस उरते. ते पाठीवरून न्यायचे, म्हणजे चार-पाच खेपा. मोटारीपासून पाच मैलांवर गोळी झाडली, तर जाऊन-येऊन चाळीस मैलांहून अधिक पायपीट! म्हणून जाणते शिकारी आधी आपली पाठ जोखतात, मग रान निवडतात. खाण्याजोगे मांस टाकून नुसती शिंगे पळवणे हा कोलोराडोत गंभीर गुन्हा आहे.

शेवटचा नाका घरच्याच राज्याचा. १९६७ साली कोलोराडोतल्या कोंडवाड्यातील हरणांत मेंदूचा एक असाध्य झिजरोग आढळला. तो पुढे अनेक राज्यांत पसरला. म्हणून मेंदू आणि पाठीचा कणा असलेले धूड हद्दीत आणू द्यायला पुष्कळ राज्ये मनाई करतात. मांस हाडांपासून सोडवून, कवटी खरवडून साफ करूनच शिंगे मोटारीत ठेवावी लागतात. वाटेतल्या राज्यांचे नियमही पाहून घ्यावे लागतात. नमुना तपासणीला गेला असेल, तर निकाल हाती येईपर्यंत पुडक्यांवर परवान्याचा क्रमांक लिहून मांस बर्फात राहू द्यायचे. शेजाऱ्यांना वाटप त्यानंतर.