परदेशी नोकरीला निघालात? कागदपत्रांबरोबर कल्याणमित्रांचीही तयारी करा

भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांतली आपली मुले-मुली शिक्षण संपले की शिरवळ, खेड शिवापूर, नाहीतर थेट पुणे गाठतात. त्यांच्यापैकी काहींची वाट आता दुबई, दोहा, लंडन, जर्मनीपर्यंत जाऊ लागली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यामुळे आयटीआय आणि नर्सिंग झालेल्यांनाही तिकडचे दार दिसू लागले आहे.

पासपोर्ट, व्हिसा, वैद्यकीय तपासणी, भाषेची परीक्षा यांची तयारी प्रत्येक जण करतो. पण तिथे गेल्यावर बोलायचे कोणाशी, सुट्टीच्या दिवशी जेवायचे कोणाबरोबर, रात्री ताप चढला तर दार कोणाचे वाजवायचे, याची तयारी कोणी करून घेत नाही. परदेशी गेलेली आपली मुले फोनवर घरच्यांना पगाराचा आकडा सांगतात, एकटेपणा सांगत नाहीत. आमचे म्हणणे असे की, मैत्री ही नशिबावर सोडायची गोष्ट नाही. ती कशी ओळखावी आणि कशी जोडावी याची शिकवण धम्मात आहे, आणि तिचे उदाहरण परमपूज्य बाबासाहेबांच्या आयुष्यात आहे.

मुंबईची खोली आणि परदेशातली खोली

पोटासाठी घर सोडणे भोर-वेल्ह्याच्या माणसाला नवे नाही. डोंगरउतारावरची भातशेती वर्षभर पुरत नाही आणि नदीकाठची जमीन भाटघर, पानशेत, नीरा देवघर अशा धरणांखाली गेली. आपले आजे-पणजे मुंबईला गेले ते बहुधा गावच्या माणसाचा हात धरून. एका खोलीत पंधरा-वीस जण, पाळीपाळीने झोपणे, खानावळीचे जेवण. हाल होते, पण नव्या माणसाला सोबत शोधावी लागत नव्हती.

अर्थात गावाबरोबर गावाची जातही मुंबईला आली होती. कापड गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि इतरांना त्याचा विटाळ होई. विणकामाची मजुरी जास्त, आणि तेच दार बंद. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता.

आज परदेशी जाणाऱ्याला गावकीची खोली मिळत नाही. जातीची चौकशी मात्र तिथेही गाठू शकते. म्हणून सोबत निवडून जोडावी लागते.

न्यूयॉर्कचा मित्र आणि बडोद्याचे मित्र

१९१३ च्या जुलैमध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले. वय बावीस वर्षे. महाराजा सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती, कोलंबिया विद्यापीठ, आणि ओळखीचे कोणी नाही. सुरुवातीला त्यांनी राहण्याच्या जागाही बदलल्या. पुढे लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना हा पारशी विद्यार्थी त्यांचा सोबती झाला. ही मैत्री वसतिगृहापुरती राहिली नाही. १९२० मध्ये अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायला बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा स्वतःची बचत आणि राजर्षी शाहू महाराजांची मदत यांबरोबर भथेनांनी दिलेले कर्जाऊ पैसेही होते.

याच्या उलट अनुभव बडोद्याचा. १९१७ मध्ये बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी लिहून ठेवले आहे की अमेरिकेत शिकायला आलेले त्यांचे काही मित्र बडोद्यात होते, पण अस्पृश्याला घरात घेताना ते अवघडतील अशी शंका त्यांना होती. म्हणून ते पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर काढले. मग त्यांनी दोन मित्रांना आसरा मागितला. एक हिंदू होता, त्याने घरचे नोकर निघून जातील असे सांगितले. दुसरा ख्रिस्ती होता, त्याने बायकोला विचारतो म्हणून टाळले. तो दिवस बाबासाहेबांनी तिथल्या सार्वजनिक बागेत काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

हे दोन्ही प्रसंग एकत्र वाचले पाहिजेत. ज्याने न्यूयॉर्कमध्ये साथ दिली तो पारशी होता आणि ज्यांनी बडोद्यात काठ्या उगारल्या तेही पारशीच होते. तेव्हा धर्म, जात, भाषा पाहून मित्र ओळखता येत नाही. आणि आपल्याशी गोड बोलणारा प्रत्येक जण अडचणीच्या वेळी दार उघडेलच असेही नाही. मग मित्र ओळखायचा कसा?

सिगालाला दिलेली शिकवण

याचे उत्तर दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात आहे. राजगृहाजवळ सिगाल नावाचा तरुण गृहस्थ सहा दिशांना हात जोडत होता. तथागतांनी त्याला समजावले की दिशा म्हणजे आपली नाती. पूर्व म्हणजे आई-वडील, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे पत्नी आणि मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे सेवक-कामगार आणि वरची म्हणजे श्रमण.

याच सुत्तात खोट्या मित्रांचे चार प्रकार येतात: फक्त घेणारा, फक्त बोलघेवडा, तोंडावर स्तुती करणारा आणि व्यसनात साथ देणारा. परदेशात हे चारही भेटतात. पगाराच्या दिवशी उसने मागायला येणारा, 'काही लागले तर सांग' म्हणून फोन न उचलणारा, आपल्या प्रत्येक चुकीला वा वा म्हणणारा आणि दारू-जुगाराच्या टेबलावर जागा करून देणारा.

खरे मित्रही चार प्रकारचे सांगितले आहेत: मदत करणारा, सुखदुःखात सारखाच राहणारा, हिताचा सल्ला देणारा आणि मनापासून कळवळा असणारा. संयुत्तनिकायात तर कल्याणमित्र लाभणे म्हणजे अर्धा नव्हे, संपूर्ण श्रेष्ठ जीवनमार्गच होय, असे भगवंतांनी आनंदाला सांगितल्याचे येते.

मैत्री जोडण्याचे चार मार्ग

माणसे जोडणाऱ्या चार गोष्टी, म्हणजेच चार संग्रहवस्तू, धम्मात सांगितल्या आहेत. नव्या शहरात त्या अशा वापरता येतात.

दान: भाजी चार माणसांची करा आणि शेजारच्याला हाक मारा. पैसाच द्यायला हवा असे नाही. नव्या आलेल्याला बसचा पास कुठे मिळतो हे दाखवणे हेही दान आहे.

प्रियवचन: तिथल्या भाषेतली रोजची पन्नास वाक्ये निघण्याआधीच शिका. दुकानदार, वॉचमन, बस ड्रायव्हर यांना त्यांच्या भाषेत नमस्कार करा. तोडकेमोडके बोललात तरी चालते, गप्प राहिलात तर ओळख होत नाही.

अर्थचर्या: उपयोगी पडेल असे काम करा. रक्तदान, ग्रंथालय, खेळाचा संघ, विहाराची साफसफाई, काहीही चालेल. दर आठवड्याला एकाच ठिकाणी, एकाच वेळी गेले की माणसे ओळखू लागतात. मैत्रीला वेळ लागतो, म्हणून दोन-तीन महिने तरी नेम मोडू नका.

समानता: ही सगळ्यांत महत्त्वाची. आखातात तुमच्या हाताखाली नेपाळी, बांगलादेशी कामगार असतील, जर्मनीत दुसऱ्या देशातून आलेला सफाई कामगार असेल. त्याच्याबरोबर एका टेबलावर बसून चहा घ्या. ज्यांनी समानता मागितली त्यांनी ती आधी वागून दाखवली पाहिजे.

जायचे कुठे?

आपली माणसे अनेक शहरांत आहेत. ब्रिटनमध्ये आंबेडकरी आणि बौद्ध संघटनांचा महासंघ आहे. लंडनमधले १०, किंग हेन्रीज रोड हे घर, जिथे बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले. वुल्व्हरहॅम्प्टनला बुद्धविहार आहे. लंडनच्या चिझिक भागात अनागारिक धम्मपालांनी १९२६ मध्ये सुरू केलेल्या परंपरेतला श्रीलंकन विहार आहे. त्रिरत्न बौद्ध महासंघाची ध्यानकेंद्रेही अनेक देशांत आहेत. श्रीलंकन, थाई, जपानी विहारात गेलात तर जगाचा संघ भेटतो. तिथे त्रिसरण-पंचशील म्हणताना भाषेची अडचण येत नाही, आणि आडनावही कोणी विचारत नाही.

आडनाव विचारले तर?

हा प्रश्न बहुतेकदा भारतीयांच्याच घोळक्यात येतो. गाव कोणते, आडनाव काय, घरी कोणते सण करता? काही मुले अशा वेळी आडनाव फिरवून सांगतात, १४ एप्रिलला फोटो टाकत नाहीत. त्यांना दोष देण्याचा हक्क आम्हाला नाही. एकट्या माणसाची भीती खरी असते. पहिल्याच दिवशी सगळे सांगण्याचे बंधनही कोणावर नाही. पण जी मैत्री नाव लपवून टिकवावी लागते, तिच्यात रोज सावध राहावे लागते आणि माणूस सोबतीत असूनही एकटाच राहतो. खोली भागीदारीत घेण्याआधी मात्र मोकळे बोललेले बरे, कारण आगाऊ भाडे भरल्यावर घर सोडणे जड जाते.

कामावर भेदभाव झाला तर तारीख, वेळ, शब्द आणि साक्षीदार लिहून ठेवा आणि तक्रार लेखी करा. अमेरिकेतल्या सिअॅटल शहराने २१ फेब्रुवारी २०२३ रोजी जातिभेदाला बंदी घालणारा कायदा केला. अमेरिकेत असे करणारे ते पहिले शहर. तो आपोआप झाला नाही, तिथल्या आंबेडकरी कार्यकर्त्यांनी इतर समाजांतले मित्र बरोबर घेऊन तो करून घेतला.

निघण्यापूर्वी

एजंट हा मित्र नव्हे. तो केंद्र शासनाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत आहे का ते स्वतः पाहा. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असा शेरा असतो आणि आखातासह ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जाताना त्यांना शासनाची परवानगी लागते. त्यांच्यासाठी प्रवासी भारतीय विमा योजनेत अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी १० लाख रुपयांचे संरक्षण आहे. भारतीय दूतावासाचा पत्ता आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलची माहिती घरच्यांकडेही ठेवा. मुलींनी राहण्याचा आणि कामाचा पत्ता घरी आणि तिथल्या निदान दोन मैत्रिणींकडे द्यावा.

गावी राहिलेल्यांचेही एक काम आहे. भोर आणि वेल्ह्यातल्या प्रत्येक विहारात एक वही ठेवा. आपल्या गावचे कोण, कोणत्या देशात, कोणत्या शहरात, कोणत्या कामावर आहे हे त्यांच्या संमतीने लिहा. नवे कोणी निघाले की त्या शहरातल्या जुन्या माणसाशी आधीच बोलणे करून द्या. येत्या वर्षावासात ही वही सुरू झाली तर पुढच्या वर्षी विमानातून उतरणाऱ्या आपल्या मुला-मुलीला घ्यायला कोणीतरी उभे असेल.

जय भीम! नमो बुद्धाय!